कॅनवरची ओळ

९ जानेवारी

प्रिय मामा,

तू म्हणू की तुम्ही, या एका प्रश्नावर माझे तीन कागद फुकट गेले. आपण शेवटचे भेटलो तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि तुझ्या खांद्यावर बसून तुझे कान ओढत होते, म्हणजे 'तू'च असणार. आता मी छत्तीस वर्षांची आहे. चालणार नसेल तर पत्र परत पाठव, सगळीकडे 'तुम्ही' करून देते.

मी चिंगी. तुझ्या ताईची मुलगी. तुझा पत्ता जुन्या स्टुडिओच्या मालकांकडून मिळाला. ते म्हणाले, फोन करू नकोस, त्याचे कान गेलेत, मेसेज तो बघत नाही, सरळ पत्र लिही. रेकॉर्डिस्टचे कान गेले यावर काय बोलायचं ते मला सुचेना, म्हणून मी चहाबद्दल त्यांचे आभार मानले आणि निघाले.

मी पेयांच्या एका कंपनीत आहे. आम्ही कॅनमधली कॉकटेल बनवतो. माझं काम ऐकलंस तर हसशील. प्रत्येक कॅनला एक गाणं शोधून द्यायचं. कॅनवर चौकोनी कोड असतो, त्याच्यासमोर मोबाईल धरला की ते गाणं सुरू होतं. आईला वाटतं, मला याचा पगार देतात म्हणजे कंपनीत कुणाचं तरी डोकं फिरलंय. पण हे वाऱ्यावरचं काम नाही. चार जण हेडफोन लावून बसतात आणि एकच पेय वेगवेगळ्या गाण्यांबरोबर चाखतात. कानात खालचे सूर असले की तेच पेय त्यांना कडू लागतं, वरचे असले की गोड. आमच्याकडे याचे तक्ते आहेत.

आता एक नवीन कॅन येतोय. जिन, ग्रेपफ्रूट, संत्र्याच्या सालीचा कडूपणा आणि चिमूटभर मीठ. आधी गोड लागतं, मग जीभ आखडते आणि गिळून झाल्यावर कडवट चव बराच वेळ रेंगाळते. याला सहा महिने गाणं सापडत नव्हतं. शेवटी कंटाळून मी आईचं गाणं लावलं. 'जाताना दार नुसतं लोटून जा.' दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तिचा आवाज तुटतो ना, तिथे आमची चाखणारी बाई कॅन खाली ठेवून म्हणाली, 'हेच. दुसरं काही शोधू नका.'

रेकॉर्ड कंपनीकडून रिमिक्सची परवानगी मिळाली आहे. पण त्यांच्याकडे फक्त तयार गाणं आहे. रिमिक्स करणाऱ्या मुलीला आईचा सुटा आवाज हवाय, वाद्यांशिवायचा. मालक म्हणाले, ती मूळ टेप तुझ्याकडे आहे. देशील?

आईला अजून सांगितलेलं नाही. तिनं आयुष्यात एकच गाणं गायलं, ते एवढं गाजलं, आणि आमच्या घरात ते कधी लागत नाही. रेडिओवर आलं की ती उठून नळ सोडते. तू आमच्याकडे का येत नाहीस हेही तिनं कधी सांगितलं नाही. मी विचारणं सोडून दिलं. म्हटलं, या निमित्तानं दोन्ही कोडी सुटतील.

तुझी,
चिंगी


१८ जानेवारी

चि. चिंगी,

'तू' ठीक आहे. कान तू डावा जास्त ओढायचीस. तोच आधी गेला. तुझ्यावर आळ घेत नाही, हेडफोनमध्ये तीस वर्षं काढल्याचा तो परिणाम आहे. उजवा गेल्या वर्षी गेला. आता घरात इतकी शांतता आहे की अशी मला स्टुडिओत कधी मिळाली नाही.

टेप माझ्याकडे आहे. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मी यंत्रं घेतली नाहीत, ती एक टेप घेतली. कपाटात, वरच्या खणात, लोखंडापासून लांब ठेवली आहे. एकदाही लावलेली नाही.

ताईनं सांगितलं नाही ते मी सांगतो. तुला टेप हवी असेल तर ती कशी झाली ते ठाऊक हवं.

आमचे बाबा त्या वेळी हॉस्पिटलात होते. गाण्याची वाद्यं आदल्या दिवशी टेपवर भरून झाली होती, दुसऱ्या दिवशी दुपारी ताईनं फक्त गायचं होतं. ती जाणार नव्हती. बाबांनी तिला अक्षरशः हाकललं. म्हणाले, 'मी कुठे पळून जात नाही, तू जा आणि गाऊन ये.' ताई काचेच्या पलीकडे, मी अलीकडे यंत्रापाशी. दुसरं कडवं संपत आलं आणि माझ्याजवळचा फोन वाजला. हॉस्पिटलातून होता. मी ऐकलं. ताईला काचेतून माझा चेहरा दिसला. तुझ्या चाखणाऱ्या बाईनं जिथे कॅन खाली ठेवला, ती जागा हीच.

त्यानंतर मध्ये फक्त वाद्यं वाजतात आणि मग शेवटचं कडवं. काचेमागून गायकाशी बोलायचं असेल तर एक बटण दाबायचं असतं, मग आपला आवाज त्याच्या हेडफोनमध्ये जातो. मी ते बटण दाबलं की नाही, मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. मी गप्प बसलो आणि ताई शेवटपर्यंत गायली, एवढंच आठवतं. गाणं संपल्यावर मी आत जाऊन सांगितलं.

संध्याकाळी ताई म्हणाली, 'तुला कळलं होतं. तरी तू एक शब्द बोलला नाहीस. बाबा गेल्यावर तू मला गायला लावलंस.' मी मान खाली घातली. म्हणाली, 'पुसून टाक ते.' मी 'बरं' म्हणालो. आणि पंधरा दिवसांनी ते कंपनीला देऊन टाकलं. तिला विचारलं नाही. तेवढं चांगलं मी पुन्हा कधी काही भरलं नाही, आणि बाबांचीही ती इच्छा होती, अशी मी माझी समजूत घातली. गाणं बाजारात आलं त्या दिवसापासून ताई माझ्याशी बोललेली नाही. एकतीस वर्षं झाली. तिचं चुकलं असं मला एक दिवसही वाटलेलं नाही.

टेप देतो. अट एकच. आधी ताईला विचार. सगळं सांग, कॅनसकट, आणि ती नाही म्हणाली तर विषय तिथेच संपव. तेव्हा मी विचारलं नव्हतं. या वेळी कुणीतरी विचारायला हवं.

तुझा,
मामा


२७ जानेवारी

प्रिय मामा,

आईला विचारलं. हो म्हणाली. तू काळजी करू नकोस.

कुरियरनं पाठवशील का? इथे सगळे घाई करतायत.

तुझी,
चिंगी


४ फेब्रुवारी

चि. चिंगी,

टेप पाठवतो आहे. डब्यावर मी चारही बाजूंनी 'सांभाळून' लिहिलंय, कुरियरवाला हसला. लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे सावकाश फिरवायला सांग. आवाज सातव्या ट्रॅकवर आहे. त्या मुलीला सांग, अधूनमधून मागे वाद्यांची बारीक कुजबूज ऐकू येईल, तो टेपचा दोष नाही. तुझ्या आईला एक कान उघडा ठेवून गायची खोड होती. हेडफोन एका कानावर, दुसरा गालावर लोंबत. स्वतःचा आवाज ऐकल्याशिवाय तिला गाता येत नसे. मग हेडफोनमधलं सगळं माइकमध्ये गळायचं. तालमीत मी शंभरदा ओरडलो असेन, 'ताई, कान झाक.' ती मान हलवायची आणि पुन्हा उघडा ठेवायची.

गाण्याचं मिक्सिंग मी केलं नाही, माझ्याच्यानं होईना. दुसऱ्या रेकॉर्डिस्टनं केलं. मधे नुसती वाद्यं असतात तिथे गायकाचा ट्रॅक बंद करून टाकायचा, असा नियमच असतो. त्यामुळे बाजारातलं गाणं स्वच्छ आहे, माझ्याकडची टेप तेवढी नाही.

तुझं पत्र फार छोटं होतं. ती नुसती हो म्हणाली? कशी म्हणाली? पटकन की विचार करून? कामात असताना की बसून? तिनं माझं नाव काढलं का, हे विचारायचं नाही असं ठरवून बसलो होतो, पण आता लिहिलंच आहे तर राहू दे. जे काही म्हणाली असेल ते जसंच्या तसं लिही. रागाचं असलं तरी चालेल. एकतीस वर्षांत मला तिचा एक शब्द मिळालेला नाही, तेव्हा मी निवड करणार नाही.

तुझा,
मामा


२० एप्रिल

प्रिय मामा,

अडीच महिने पत्र नाही, त्याबद्दल आधी दोन फटके मार. कामाच्या रगाड्यात मान वर करायला फुरसत नव्हती. पण कॅन बाजारात आला! सोबत दोन पाठवलेत. आधी फ्रीजमध्ये ठेव, गार असल्याशिवाय उघडू नकोस.

तुला रिमिक्स ऐकू येणार नाही, म्हणून घड्याळ लावून लिहिते. मोबाईल समोर धरल्यावर पहिले वीस सेकंद फक्त आईचा श्वास आणि तो कॅन उघडल्याचा फस्सकन आवाज. मग मुखडा, एकटा, वाद्यांशिवाय. तेवढ्यात पहिला घोट होतो आणि तो गोड लागतो. मग खालून ठोका सुरू होतो, पोटात जाणवेल असा. दुसऱ्या कडव्याला सूर खाली उतरतात, आणि अगदी बरोबर तिथे जीभ आखडायला लागते. आम्ही तिघांनी चाळीस वेळा पिऊन जुळवलंय, माझ्या यकृताला विचार. मग आईचा आवाज तुटतो आणि सगळं एकदम बंद. ठोका बंद, वाद्यं बंद.

आणि त्या शांततेत एक पुरुष विचारतो, 'थांबायचं?' अगदी बारीक, लांबून आल्यासारखा आवाज. बाईचा आवाज म्हणतो, 'नको. संपू दे.' आणि धाडकन ठोका परत!

मामा, त्या जागेवर लोक वेडे होतात. लाँचच्या दिवशी दोनशे माणसं कॅन वर करून एका सुरात 'नको! संपू दे!' ओरडत होती. रिमिक्सवालीनं हे कुणाकडून बोलून घेतलं विचारलं तर ती फक्त गालात हसली. मला वाटतं, तिचा मित्र असावा. मी ती ओळ कॅनवर छापून घेतली, मोठ्या अक्षरांत. प्यायचं पेय, त्यावर 'नको. संपू दे.' याहून चांगली ओळ मला दहा वर्षांत सुचली नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

कॅन मिळाल्याचं कळव, आणि चवीबद्दल खरं काय ते लिही.

तुझी,
चिंगी


२६ एप्रिल

चि. चिंगी,

कॅन मिळाले. फ्रीजमध्ये ठेवलेले नाहीत. टेबलावर समोर आहेत. मी ती ओळ वाचतो आहे.

आता मी विचारतो त्याचीच उत्तरं दे, बाकी काही लिहू नकोस.

तो पुरुष 'थांबायचं?'च्या आधी काही म्हणतो का? 'ताई' म्हणतो का?

'नको' आणि 'संपू दे' यांच्यामध्ये काही कापलंय का?

त्या मुलीकडे जा. तिला सातवा ट्रॅक दुसऱ्या कडव्यानंतर जराही न कापता लावायला सांग. वाद्यांचा जो तुकडा आहे, साधारण पंचवीस सेकंदांचा, तो पूर्ण. कागद घेऊन बस आणि जे ऐकू येईल ते सगळं लिहून काढ. खोकला असला तरी लिही.

मी स्वतः लावून ऐकलं असतं. कपाटात ती टेप एकतीस वर्षं होती, मला तेव्हा ऐकू येत होतं, आणि मी ती लावली नाही. भीती वाटायची की त्या पंचवीस सेकंदांत काहीच नसेल. माझी नुसती चुप्पी असेल, तीही टेपवर, कायमची. आता तू लिहितेस की तिथे कुणीतरी बोलतं.

आणखी एक. माझ्या मागच्या पत्राचं उत्तर तू दिलेलं नाहीस. ताई काय म्हणाली ते तू लिहिलं नाहीस. चिंगी, तू तिला विचारलं होतंस ना?

मामा


८ मे

प्रिय मामा,

नाही. विचारलं नव्हतं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच रेकॉर्ड कंपनीशी करार होऊन गेला होता. साहेबांना तारीख दिली होती. मी आईकडे गेलेही होते विचारायला. ती आपल्या चष्म्याच्या दुकानातून नुकतीच आली होती, पाय पाण्यात घालून बसली होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, 'आई, काही नाही, सहज आले.' घरी येऊन तुला ते दोन ओळींचं पत्र लिहिलं. मला वाटलं, गाणं सुंदर झालं की ती विरघळेल, मग कुठे विचारलं नि कुठे नाही, कोण बघतंय. तुलाही तेव्हा असंच वाटलं असेल. तुझं पत्र वाचूनही मला अक्कल आली नाही, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

तुझी सव्वीस तारखेची चिठ्ठी आली त्याच्या दोनच दिवस आधी आईनं ते ऐकलं. ती एका गिऱ्हाइकाला चष्मा बसवत होती. शेजारच्या दुकानात आमचा कॅन ठेवलाय, दारातच स्पीकर. मुखडा सुरू झाल्यावर तिनं नेहमीसारखं दुर्लक्ष केलं म्हणे. मग तो आवाज आला. ती चष्म्याची काडी हातात धरून तशीच उठली आणि शेजारी गेली. त्या पोरांना म्हणाली, 'पुन्हा लावा.' तिसऱ्यांदा लावलं तेव्हा दोन कॉलेजची मुलं कॅन वर करून ओरडली, 'नको! संपू दे!' ती रिक्षा करून सरळ माझ्या ऑफिसात आली. चष्म्याची काडी अजून हातातच होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्या टेबलावरचा कॅन उचलून तिनं ओळ वाचली. मग म्हणाली, 'हा माझा भाऊ आहे. आणि ही मी आहे. आमचे वडील गेले त्या क्षणाला आम्ही हे बोललोय. तू ते झाकणाखाली भरलंस.' मी म्हणाले, 'आई, मला माहीत नव्हतं.' ती म्हणाली, 'विचारलं असतंस तर माहीत झालं असतं.'

दोन दिवसांनी तुझी चिठ्ठी आली, ती मी घरी जाऊन तिला दिली. तुझी सगळीच पत्रं दिली. तिथेच बसून तिनं ती वाचली, दोन-दोनदा. 'बटण दाबलं की नाही, मला आठवत नाही' या वाक्यावर तिनं बराच वेळ बोट ठेवलं होतं.

आम्ही दोघी रिमिक्सवालीकडे गेलो. तिनं काही बोलून घेतलं नव्हतं, मामा. तिनं फक्त बंद ठेवलेला ट्रॅक उघडला, तिथे दोघं बोलत होती. तिला वाटलं, जुन्या लोकांची काहीतरी गंमत असेल. मधले शब्द ठोक्यात बसत नव्हते म्हणून काढून टाकले. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती रडायला लागली, आणि आईनंच तिला पाणी दिलं. मग आईनं हेडफोन घातला. एकच कान झाकला, दुसरा गालावर. मला पाहवेना. तिनं ते पंचवीस सेकंद चार वेळा ऐकले.

मी कागद घेऊन तयारच होते. आई म्हणाली, 'तू राहू दे. मी लिहीन.'

मी साहेबांशी भांडले. पुढच्या खेपेपासून ओळ निघेल, गाण्यातला तो तुकडाही निघेल. पण चाळीस हजार कॅन बाहेर गेलेत, ते परत येत नाहीत. माझ्याकडे नवीन कॅनचं काम आलंय, मी गाणं शोधायला बसते आणि काहीच लावावंसं वाटत नाही. कुठल्याही आवाजामागे कोण उभं असेल, काय सांगावं?

मला माफ कर असं लिहिणार होते. पण आधी आईनं करायला हवं, आणि ती अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. त्यात माझी तक्रार नाही.

तुझी,
चिंगी


१० मे

भाऊ,

चिंगी म्हणते तुला आता काहीच ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. टेपवर आहे तसंच लिहिते आहे, माझं त्यात काही घातलेलं नाही.

माझा आवाज तुटतो. मग वाद्यं. मी नाक ओढते. मग खट असं वाजतं, ते तुझं बटण.

तू म्हणतोस, 'ताई.'

मी बोलत नाही.

तू म्हणतोस, 'ताई, फोन होता. थांबायचं?'

मी म्हणते, 'नको.' मग म्हणते, 'आत्ता सांगू नकोस. संपू दे.'

तू म्हणतोस, 'बरं.' तुझा आवाज बसलेला आहे. मग पुन्हा खट. मग वाद्यं, मग मी शेवटचं कडवं गाते.

एवढंच आहे. चार वेळा ऐकलं, चारही वेळा एवढंच आहे.

मी हे बोलले होते हे मला ठाऊक नव्हतं, भाऊ. देवाशपथ ठाऊक नव्हतं. तुझा चेहरा दिसला एवढं लक्षात होतं आणि तू आत येऊन सांगितलंस ते. मधलं सगळं पुसलं गेलं. तू गप्प बसलास असं मी त्याच संध्याकाळी म्हणाले, आणि एकदा म्हणाले म्हणून पुढे तेच खरं झालं. आईजवळ म्हणाले. नवऱ्याजवळ म्हणाले. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तिनं माझा हात धरून सांगितलं की भावाला बोलाव, तेव्हाही मी म्हणाले की तो एक शब्द बोलला नाही. ती तेच ऐकून गेली. आणि तू विचारलं होतंस. मीच सांगू नकोस म्हणाले. तू माझं ऐकलंस, आणि त्याबद्दल मी तुला एकतीस वर्षं शिक्षा दिली.

तुलाही आठवत नव्हतं, तर निदान भांडायचं होतंस. मी म्हणाले आणि तू मान खाली घातलीस. लहानपणापासून तुझं हेच.

कान झाक, कान झाक म्हणून तू माझ्यावर ओरडायचास. झाकला असता तर तुझा शब्द टेपवर उतरला नसता. एवढं एक मी न ऐकलेलं कामी आलं.

गाणं मला न विचारता दिलंस, ते मात्र दिलंस. ते टेपनं सुटत नाही. त्याबद्दल मला समोर बसून भांडायचं आहे. हळू बोलेन, तू ओठांकडे बघ. नाही कळलं तर पाटी आणते.

चिंगीवर माझा राग आहे, तो आणखी थोडे दिवस राहील. पण तिला मी एकतीस वर्षं देणार नाही, माझ्याकडे तेवढी उरलेली नाहीत. तिनं दिलेला कॅन काल उघडला. कडू आहे. शेवटपर्यंत प्यायले.

माझा आवाज गेलाय. परवा घरात कुणी नसताना मुखडा म्हणून पाहिला, दुसऱ्या ओळीत दम लागला. तुझ्यासमोर पुन्हा एकदा गाईन असं कधीतरी मनात यायचं, मी ते दाबून टाकायची. आता गायले तरी तुला ऐकू येणार नाही. हे मात्र कुठल्या टेपवर सापडायचं नाही.

रविवारी अकरा वाजता येते. बेल वाजवून उपयोग नाही, हे मला समजतं. दार नुसतं लोटून ठेव.

ताई